गाडी सात जणांची, सोय दोघांची

सांगलीत विश्रामबागच्या चौकालगत एका चहाच्या टपरीशेजारी आमचा कट्टा आहे आणि दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण तिथे जमतो. गेल्या रविवारी विषय निघाला तो बापूच्या गाडीचा. गुढीपाडव्याला त्याने नवी सात आसनी एसयूव्ही घेतली, तिचे पेढे आम्ही याच कट्ट्यावर खाल्ले होते, आणि आता आई, बायको, दोन मुले आणि बहीण यांना घेऊन तो आंबा घाटाने गणपतीपुळ्याला जाऊन आला होता. प्रवास कसा झाला, असे कोणीतरी सहज विचारले. त्यावर तो म्हणाला, "गाडी पळते झकास, पण आई म्हणते, पुढच्या वेळी तुम्हीच जा." या एका वाक्यावर पुढे दीड तास वाद झाला. त्यात कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे बरेच काही होते, म्हणून तो लिहून काढतो आहे.

बापूच्या आईंचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. गाडी उंच, त्यामुळे मधल्या ओळीतील आसन जवळजवळ त्यांच्या कमरेला लागते. दाराच्या वर छताला एक हँडल आहे, पण रस्त्यावर उभ्या असलेल्या पाच फुटांच्या बाईचा हात तिथवर पोचला तरी त्यावर जोर देऊन अंग वर उचलता येत नाही. तिला आधार हवा असतो तो छातीच्या उंचीवर, पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाला. त्या खांबाला बापूच्या गाडीत गुळगुळीत प्लास्टिक आहे आणि पुढच्या आसनाच्या सीटबेल्टचा पट्टा आहे. हाताला लागला तो पट्टाच आईंनी धरला. हा पट्टा झटका बसला तरच अडकतो, संथपणे ओढला तर सुटतच जातो. तसा तो सुटत गेला आणि त्यांचा तोल मागे गेला. बापू पाठीशी उभा होता म्हणून निभावले. त्यानंतर घरातले प्लास्टिकचे स्टूल गाडीत आले. तिसरी ओळ उघडलेली असल्यामुळे डिकीत पिशव्यांपलीकडे जागा नव्हती, म्हणून ते स्टूल जाता-येता मुलांच्या पायाशी राहिले.

आमचा वकील मित्र यावर शांतपणे म्हणाला, "बापू, तू मधले मॉडेल घेतलेस. जेवढे पैसे मोजलेस तेवढ्या सोयी मिळाल्या, यात फसवणूक कुठे आहे? शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर कमी झाला. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर, असा पन्नास टक्क्यांचा हिशेब होता; तो आता सरळ चाळीस टक्के आहे. तेवढ्या फरकात वरचे मॉडेल बसले असते."

बापूने उत्तर दिले ते मला पटले. तो म्हणाला की वरच्या मॉडेलमध्येही खांबाला हँडल नाहीच, तिथेही गुळगुळीत प्लास्टिकच आहे. मागच्या काचेचा वायपर मात्र वरच्या मॉडेलमध्ये मिळतो, पण त्यासाठी आधी भलेमोठे काचेचे छत आणि आठ स्पीकर विकत घ्यावे लागतात. सांगलीच्या मे महिन्यात छताला काच हवी, असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही. त्या छताच्या यंत्रणेने मधल्या ओळीतील डोक्यावरची जागाही थोडी खाल्ली जाते. ज्याला वायपर हवा त्याने छतही घ्यावे, ही बांधाबांध ग्राहकाच्या गरजेतून आलेली नाही, आणि माझ्या मते बापूची तक्रार पैशांची नसून या बांधाबांधीची आहे.

वायपरचा मुद्दा वकिलाला किरकोळ वाटला, तेव्हा पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या सरांनी तो उलगडून सांगितला. उतरत्या पाठीच्या सेडानमध्ये हवा मागच्या काचेवरून बऱ्यापैकी चिकटून वाहते आणि पाणी वाहून नेते. एसयूव्हीची पाठ उभी असते. हवा छताच्या कडेला सुटते, पाठीमागे कमी दाबाचा भोवरा तयार होतो आणि मागच्या चाकांनी उडवलेला चिखलाचा फवारा तो भोवरा उचलून थेट काचेवर आणून बसवतो. म्हणजे ज्या आकाराच्या गाडीला मागचा वायपर सर्वांत जास्त लागतो, त्याच आकाराच्या गाडीत तो वरच्या मॉडेलसाठी राखून ठेवलेला आहे. बापूने सांगितले की साखरप्याला चहासाठी थांबले तेव्हा मागची काच शेणाने सारवल्यासारखी दिसत होती आणि मुलाने पाण्याची बाटली ओतून ती धुतली. मागचा कॅमेरा होता, पण भिंगावरही तोच चिखल बसला होता.

घाटातच दुसरा प्रसंग घडला. जूनचा पाऊस, खिडक्या बंद, आत सहा माणसांचा श्वास. पुढची काच आतून धुरकट झाली. जुन्या गाडीत बापूचा हात न बघता काचेवरची वाफ घालवण्याच्या बटणावर जायचा. नव्या गाडीत एसीची सगळी कामे मधल्या पडद्यावर आहेत. आधी एसीचे पान उघडायचे, मग हवेची दिशा निवडायची, मग पंख्याचा वेग वाढवायचा. रस्ता खराब असल्यामुळे बोट दोनदा भलत्याच ठिकाणी पडले आणि शेवटी शेजारी बसलेल्या वहिनींनी ते काम केले. गाडीत एकटा असतो तर वळणावर नजर पडद्याकडे द्यावी लागली असती, हे सांगताना बापूचा आवाज बदलला होता.

सरांना इथे एका स्वीडिश मोटार मासिकाने २०२२मध्ये केलेली चाचणी आठवली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत तापमान, रेडिओ, डॅशबोर्डचा प्रकाश अशी रोजचीच चार कामे करायची होती. २००५ सालच्या, साध्या बटणांच्या गाडीत ती दहा सेकंदांत झाली आणि तेवढ्यात गाडीने ३०६ मीटर कापले. नव्या गाड्यांपैकी सर्वांत वाईट ठरलेल्या गाडीत हेच काम पूर्ण होईपर्यंत गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरोपातील युरो एनसीएपी या संस्थेनेही २०२६पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल या पाच गोष्टींसाठी स्वतंत्र बटणे किंवा कांड्या नसतील तर गुण कापायचे ठरवले आहे. काचेवरची वाफ घालवण्याचे बटण त्या पाचांत नाही, हेही सरांनी प्रामाणिकपणे सांगितले. युरोपचे मला माहीत नाही, पण सह्याद्रीत पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला सहावे बटण तेच हवे, असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या ओळीवर आम्ही फार बोललो नाही, कारण त्याबाबत वकीलसुद्धा गप्प होता. तिथे जायला मधले आसन दुमडून पुढे ढकलावे लागते आणि त्यावर आई बसलेल्या असतील तर आधी त्यांना खाली उतरवावे लागते, म्हणजे पुन्हा स्टूल. तिथे एसीच्या नावाखाली जो झरोका आहे, त्यामागे फक्त पंखा आहे, हवा थंड करणारी वेगळी कॉइल नाही. त्यामुळे पुढून येता येता कोमट झालेली हवाच मुलांच्या अंगावर फिरत राहते. मोबाइल चार्ज करायची जागा नाही, बाटली ठेवायचा खळगा नाही.

बाकीच्या गोष्टी बाहेरून बसवून घेता येतील की, असे मी म्हणालो, तेव्हा गॅरेज चालवणारा आमचा मिस्त्री पहिल्यांदा बोलला. त्याच्या मते पाय ठेवायला दाराखालची पायरी बाहेरून बसवता येते आणि ती बसवावीच. चांगली पायरी गाडीच्या चौकटीला बोल्टने आवळली जाते, फक्त ती निसरडी नसावी. पण खांबाला हँडल बसवायला त्याने स्वच्छ नकार दिला. त्या प्लास्टिकच्या आत सीटबेल्टची गुंडाळी असते आणि वरच्या बाजूने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते; तिथे अंदाजाने भोक पाडून स्क्रू मारायचा म्हणजे अपघातात काय होईल याची हमी कोणी द्यायची? वायपरचेही तसेच आहे. काच बदलायची, मोटर बसवायची, वायरिंग कापून जोडायचे, आणि उद्या विजेचा काही बिघाड झाला की वॉरंटीचे दार बंद. "जे कारखान्यात बसवायला हवे होते ते माझ्याकडे आणू नका," असे तो म्हणाला, आणि त्याच्या धंद्याचे नुकसान करणारे हे वाक्य तो मनापासून बोलत होता.

वकिलाचा शेवटचा युक्तिवाद मात्र वजनदार होता. "सहा एअरबॅग आहेत, ताऱ्यांचे मानांकन चांगले आहे. सुरक्षितता मिळाल्यावर तुम्ही हँडल आणि खळगे मोजत बसणार, याला मी चोचले म्हणतो." त्यावर सर म्हणाले की हे तारे कसे आले तेही आठवा. धडक-चाचणी घेऊन गाड्यांना तारे देणाऱ्या भारत एनसीएपी या योजनेची घोषणा ऑगस्ट २०२३मध्ये झाली आणि १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. ताशी ६४ किलोमीटरने समोरची धडक, ५० किलोमीटरने बाजूची धडक, यांचे गुण लोक विचारू लागले, आणि कंपन्या जाहिरातीत तारे छापू लागल्या. मागे अडथळा असल्याची सूचना देणारा सेन्सर १ जुलै २०१९पासून नियमाने सक्तीचा झाला, म्हणून तो आज सर्वांत स्वस्त मॉडेलमध्येही असतो; त्याआधी त्याचीही गणना चैनीतच होत होती. कोणीतरी मागितले तेच गाडीत आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आत चढता येते का, याचे गुण कोणतीही चाचणी देत नाही आणि शोरूममध्ये आपणही विचारत नाही.

हे मला फार लागले, कारण बापूबरोबर गाडी पाहायला मीही गेलो होतो. चाचणीफेरीत तो चालवत होता, मी शेजारी बसलो होतो आणि मागे विक्री प्रतिनिधी होता. आम्ही पडद्याची लांबी-रुंदी विचारली, पिकअप पाहिला, दार लावल्याचा आवाज ऐकला. मागच्या आसनावर आम्ही दोघांपैकी एकही जण बसला नाही. तिसऱ्या ओळीकडे तर प्रतिनिधीने नुसता हात दाखवला आणि आम्ही मान डोलावली. आई त्या दिवशी घरी होत्या आणि त्यांना न्यावे असे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. हँडल नाही ही चूक कंपनीची आहेच, पण ते नाही हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले, ही चूक आमची आहे.

वकील काही वेळ कपाकडे पाहत बसला. पुढच्या महिन्यात त्यालाही गाडी घ्यायची आहे, वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना तपासणीसाठी वरचेवर मिरजेला न्यावे लागते, आणि त्यासाठी शनिवारी तो दोन शोरूममध्ये जाणार आहे. पैसे देऊन उठताना त्याने बापूला विचारले, "शनिवारी दहाला काकू मोकळ्या असतील का? बाबांना नेतोच आहे, पण ते कशालाही बरे म्हणतात. काकू खरे सांगतील."

बापू म्हणाला, "विचारतो. स्टूल आणू की नको?"

"नको," वकील म्हणाला. "स्टुलाशिवाय चढता आले तरच पुढे बोलू."