ताईला सगळं माहीत होतं

(‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका अजून बघायची असेल तर इथेच थांबा. खरंच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.)

परवा पुन्हा एकदा वाचलं की मालिकेतलं पात्र मेलं म्हणून रडणारे, चिडणारे लोक रिकामटेकडे असतात. लाडकं माणूस गेलं की यांचा तोल जातो, बाकी काही नाही. मला हे अजिबात पटत नाही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या तिसऱ्या सीझनचा नववा भाग, रेड वेडिंग, म्हणजे लग्नाच्या मेजवानीत पाहुण्यांची झालेली कत्तल. २ जून २०१३ला अमेरिकेत दाखवला गेला. मालिका जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ज्या पुस्तकांवर बेतली आहे ती मी वाचली नव्हती, ताईने वाचली होती. ज्या पुस्तकात हा प्रसंग आहे ते २००० साली आलं. म्हणजे तेरा वर्षं असंख्य वाचक हे गुपित पोटात ठेवून वावरत होते. ताई त्यातलीच. आम्ही शेजारी बसून पहिल्यापासून सगळे भाग पाहिले, मी रोज काहीतरी अंदाज बांधायचे आणि ती नुसतं ‘हं’ म्हणायची. त्या दिवशी मात्र तिने तीनदा विचारलं, ‘पाणी हवंय का?’ मला काही कळलं नाही.

उत्तरेचा तरुण राजा रॉब आणि त्याची आई कॅटलिन पाहुणे म्हणून आले, यजमान वॉल्डर फ्रेने त्यांना पाव आणि मीठ दिलं. त्या जगात एकदा यजमानाचं अन्न खाल्लं की त्याच्या छपराखाली पाहुण्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही, आणि पाहुण्यानेही यजमानावर हात उगारायचा नाही. खाल्ल्या मिठाला जागणं आपण म्हणतो, ते खाणाऱ्याने. तिथे खाऊ घालणारासुद्धा त्याच मिठाला बांधलेला. म्हणून मी निर्धास्त होते. मग दार बंद झालं. सज्जातल्या वादकांनी सूर बदलला. कॅटलिनने रॉबच्याच एका सरदाराची, बोल्टनची, बाही वर केली आणि आत चिलखत दिसलं.

पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला येतच नाही. मालिकेत त्याची बायको टलिसा तिथे आहे, पोटुशी आहे, बाळाचं नाव एडार्ड ठेवायचं म्हणून दोघं हसताहेत, आणि पहिला सुरा तिच्याच पोटात जातो. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. जिला सगळं माहीत होतं, तीसुद्धा दचकली. शेवटी नामावली सुरू झाली तर संगीतच नाही. मला वाटलं आवाज गेला, मी खरोखर लॅपटॉपचं व्हॉल्यूम तपासलं.

त्या आठवड्यात नेटवर जिकडेतिकडे तेच व्हिडिओ होते. पुस्तक वाचलेल्यांनी न वाचलेल्या मित्रांचे चेहरे गुपचूप टिपलेले. कुणी तोंडावर हात घेतलाय, कुणी उठून खोलीबाहेर गेलंय. मला ते चोरून टिपणं आवडलं नाही, आजही आवडत नाही. ताईकडे फोन होता, तिने तो काढला नाही.

आता मुद्दा. मी तो सीझन पुन्हा पाहिला आणि थक्क झाले. सगळं डोळ्यांसमोर होतं. फ्रेच्या मुलीशी रॉबचं लग्न लावायचा सौदा कॅटलिन करते तो पहिल्या सीझनचा नववा भाग, ज्यात रॉबच्या वडिलांचं, नेडचं, डोकं उडतं तोच. तो शब्द मोडल्याचा फ्रेने घेतलेला सूड म्हणजे ही कत्तल, ती तिथून बरोबर वीस भागांनी येते. मध्ये रॉब शब्द मोडून टलिसाशी लग्न करतो, तेही आपल्यासमोर, आणि आपण टाळ्या वाजवतो कारण तो प्रेमात पडलाय. वादक जे गाणं वाजवतात त्यामागची, एक अख्खं घराणं संपवल्याची गोष्ट शत्रुपक्षाची राणी सेर्सी आदल्याच भागात सांगते. मी ती ऐकली होती आणि सोडून दिली होती. मार्टिन यांनी स्वतः सांगितलंय की हे प्रकरण लिहवेना म्हणून बाजूला ठेवलं आणि बाकीचं पुस्तक संपवून मग लिहिलं. स्कॉटलंडच्या इतिहासातल्या दोन घटना त्यांच्या डोक्यात होत्या: १४४०मध्ये एडिंबरा किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन मुलांना जेवायला बोलावून मारलं, आणि १६९२मध्ये ग्लेन्कोत घरात ठेवून घेतलेल्या सैनिकांनीच यजमानांना कापलं. माणसं हे करतात, केलेलं आहे.

‘आता ही मालिका बघणार नाही’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण पुढच्या वर्षी प्रेक्षक वाढले.

आता २०१९. शेवटच्या सीझनमध्ये सिंहासनावर हक्क सांगणारी, प्रेक्षकांची लाडकी डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते. आठवा सीझन नव्याने बनवा या मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. हे तेच लोक होते ज्यांनी नेड, रॉब, कॅटलिन सगळ्यांचं मरण पचवलं होतं. मग लाडकं पात्र बिघडलं म्हणून चिडले, हे कसं मानायचं? डेनेरिस क्रूर होऊ शकते हे मला तेव्हाही मान्य होतं. तिने माणसं जिवंत जाळलेली आम्ही आधीही पाहिली होती. पण आधीचे सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात आणि शेवटचा फक्त सहा. डेनेरिसची मैत्रीण मिसांडे गेली, शरणागतीच्या घंटा वाजल्या आणि आग. रॉबच्या एका मोडलेल्या शब्दाला वीस भाग मिळाले होते. हिच्या अख्ख्या मनाला तेवढा वेळ द्यायला नको होता का? मी पुन्हा मागे जाऊन शोधलं. खुणा सापडल्या, पण विरळ, आणि त्यांना जोडणारे प्रसंगच नाहीत. याचा राग येणं म्हणजे वेड नव्हे. आठ वर्षं मन लावून पाहिलेल्याला तो राग यायलाच हवा.

त्या भागालाही ताई शेजारीच होती. पण पाचवं पुस्तक २०११ला आलं आणि गोष्ट तिथेच थांबली होती, त्यामुळे तिलाही काही माहीत नव्हतं. तिने पाणी विचारलं नाही. संपल्यावर बराच वेळ पडद्याकडे बघत बसली आणि म्हणाली, ‘पुस्तकात हे कसं येईल गं?’

सहावं पुस्तक अजून आलेलं नाही. आलं की आधी मी वाचणार आहे, आणि ताईला एक अक्षर सांगणार नाही.