एमआरआयशी स्लाइड जुळत नाही म्हणे!

मामाने प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, रद्द केली. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात वाढणारं प्रथिन) वाढलेला, एमआरआयवर पाय-रॅड्स ४ (पाचपैकी, म्हणजे कॅन्सरचा बराच संशय), आणि कारण काय, तर मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड! त्यात तीन शोध लावलेत. प्रोस्टेट काढल्यावर पॅथॉलॉजीत गाठीचं माप एमआरआयपेक्षा वेगळं निघतं, म्हणजे पॅथॉलॉजीवाले थापा मारतात. एमआरआय झालं की बायोप्सी नको. आणि सुईने कॅन्सर पसरतो.

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे पहिला मुद्दा जरा जास्तच झोंबला.

आमच्याकडे ग्रंथी येते ती फॉर्मालिनच्या (कुजू न देणाऱ्या द्रवाच्या) डब्यात. त्यात ती आकसते, घट्ट होते. मग उजव्या बाजूला एका रंगाची शाई, डाव्या बाजूला दुसऱ्या, आणि ग्रॉसिंगच्या (कापणीच्या) टेबलावर हाताने तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या. चकतीतून मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) साधारण ४ मायक्रॉनचा पापुद्रा निघतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा. म्हणजे ४ मिलिमीटरच्या चकतीचा हजारावा भाग सूक्ष्मदर्शकाखाली जातो. एमआरआयचा काप बहुतेकदा ३ मिलिमीटरचा, तोही ग्रंथी शरीरात असताना, वरून मूत्राशय नि मागून गुदाशय दाबत असताना घेतलेला. सुरी जरा तिरकी चालली की आमची पाचवी चकती त्यांच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या कापांतून जाते. अळुवडीचा उंडा सरळ कापा आणि तिरका कापा, आतल्या वळ्या सारख्या दिसतात का?

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात यावर झकास उपाय केला. एमआरआयवरून त्या-त्या रुग्णाच्या ग्रंथीचा साचा थ्री-डी प्रिंटरवर काढायचा, साच्याला खाचा ठेवायच्या, ऑपरेशननंतर ग्रंथी त्यात बसवायची आणि सुरी खाचेतूनच घालायची. चकती एमआरआयच्याच पातळीत पडते. ११४ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'त आला. इतकं जुळवूनही गाठीची लांबी एमआरआयवर सरासरी १७ मिलिमीटर आणि प्रत्यक्षात २८. घनफळ तर तिप्पट. म्हणजे फरक आहे हे फॉरवर्डवाल्याचं खरं, पण कमी दाखवत होतं ते एमआरआय! आणि हा गृहस्थ सांगतो, एमआरआय ठेवा, पॅथॉलॉजी सोडा.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आलेल्या प्रॉमिस अभ्यासात ५७६ पुरुष होते. आधी एमआरआय केलं तर २७ टक्क्यांची बायोप्सी टळू शकते, असं दिसलं. पण ती कोणाची? ज्यांच्या एमआरआयवर संशयास्पद काही नाही त्यांची. मामाचा ४ आहे. ती सावली कॅन्सरची असेल किंवा नुसत्या सुजेची, आपल्याकडे क्वचित टीबीचीही. ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे, याची सूक्ष्मदर्शकाखाली ठरणारी श्रेणी) फोटोवरून देता येत नाही, आणि नुसतं लक्ष ठेवायचं, ऑपरेशन करायचं की रेडिएशन द्यायचं, हे ठरवायला तोच लागतो.

सुईने पसरण्याबद्दल: प्रोस्टेटमध्ये ते अत्यंत दुर्मीळ. गुदाशयातून सुई घातली तर जंतुसंसर्गाचा धोका मात्र खरा आहे. त्यासाठीच वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालायची पद्धत वाढते आहे. ते डॉक्टरांना विचार ना, ग्रुपला कशाला?

हे सगळं मामाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मग तुम्ही लोक सरळ कापा की!"

तारीख पुन्हा घेतली आहे, शुक्रवारची.