लोणचे, पापड आणि वार : विट्याच्या काकूंना उत्तर

काकू, सप्रेम नमस्कार.

गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराचे (प्रीएक्लॅम्पसिया) मूळ वारेत, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवात असते, या माझ्या विधानावर तुम्ही दोन आक्षेप घेतले आहेत. सुनेचा रक्तदाब आठव्या महिन्यात वाढला तो लोणचे-पापडामुळे आणि माहेरच्या काळजीमुळे, हा पहिला. आणि कारण सापडले असेल तर औषध का नाही, हा दुसरा.

दुसऱ्यात तथ्य आहे. ‘कारण सापडले’ हे मी उतावळेपणाने लिहिले. सापडली आहे ती साखळीतली एक मोठी कडी. गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या वारेच्या पेशींनी पहिल्या काही महिन्यांत रुंद करायच्या असतात. ते काम अर्धवट राहिले की वारेला रक्त कमी पडते आणि ती आईच्या रक्तात काही प्रथिने जास्त सोडू लागते. त्यांपैकी एसएफएलटी-१ हे प्रथिन रक्तवाहिन्यांचे अस्तर जपणाऱ्या घटकांना अडकवून ठेवते, हे अनंत करुमंची यांच्या बोस्टनमधील गटाने २००३ साली गाभण उंदरांवर दाखवले. मग धमन्या आवळतात आणि मूत्रपिंडांतून लघवीत प्रथिने गळू लागतात. पूर्वी उपकेंद्रात सिस्टर काचेच्या नळीत लघवी तापवून पाहत आणि वरचा भाग अंड्याच्या पांढऱ्यासारखा गढूळ होई, ती हीच गळती. पण धमन्या मुळात अरुंद का राहतात, याचा पुरता उलगडा झालेला नाही. शिवाय शेवटच्या आठवड्यांत उद्भवणाऱ्या प्रकारात आईचे वजन, मधुमेह, आधीपासूनचा रक्तदाब यांचाही वाटा असतो. ते लिहायचे राहिले, ही माझी चूक.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. जोडवी रुतली म्हणून साबण लावून काढली आणि त्याच दिवसापासून मीठ बंद केले, तरी पुढच्या तपासणीत आकडा १५०/१०० निघाला, असे तुम्हीच लिहिले आहे. मीठ कमी करून हा आजार टळतो का, हे गरोदर स्त्रियांवर तपासून झाले आहे. तो टळल्याचे दिसले नाही. उलट द्राक्षगर्भात बहुधा बाळ नसतेच, नुसती वारेची बिघडलेली वाढ असते, तरी काही जणींना हाच आजार होतो. आणि वार पडली की तो सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. माहेरची काळजी काही वारेबरोबर पडत नाही.

आणखी एक, रागावणार नसाल तर. वार गर्भापासूनच तयार होते, म्हणजे तिच्यातली निम्मी जनुके वडिलांची. एका स्त्रीच्या गरोदरपणात हा आजार उद्भवला असेल, तर त्याच पुरुषापासून दिवस गेलेल्या दुसऱ्या स्त्रीलाही धोका जवळपास दुप्पट असतो, असे नॉर्वेच्या जन्मनोंदींवरून १९९८ मध्ये दिसले. सुनेच्या ताटाचा हिशेब मांडायचा, तर चिरंजीवांचाही मांडावा लागेल.

राहिले औषध. जडलेला आजार मुळापासून घालवणारे औषध नाही, पण टाळण्याचा उपाय थोडाफार आहे. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत बाळंत करावे लागण्याइतका आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पण सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते. म्हणून सुनेला पुन्हा दिवस राहिले, तर मागच्या वेळचा कागद घेऊन तिसऱ्या महिन्यातच दाखवा. सातव्यात ओटीभरणासाठी माहेरी गेल्यावर नव्हे.