खुर्चीची टिकली

आमच्या घरात खुर्ची ओढत नाहीत, उचलतात. पाहुण्याने बसायला म्हणून खुर्चीच्या पाठीला हात घातला, की आम्ही घरातले तिघेही एकदम "थांबा!" म्हणून ओरडतो. पाहुणा दचकतो आणि खुर्चीखाली पाल आहे की काय म्हणून वाकून बघतो. पाल नसते. जमीन असते.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईपर्यंत जमीन ही गोष्ट मी कधी मनावर घेतली नव्हती. जुन्या फ्लॅटमध्ये मोझेक टाइल्स होत्या. करड्या रंगात काळे, पांढरे, विटकरी खडे. त्या फरशीवर मी आर असलेला भोवरा फिरवला आहे, आईने पाटा सरकवला आहे, गोदरेजचं कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चौघांनी ढकलत नेलं आहे. ओरखडा म्हणून कधी दिसला नाही. पडले असतील, पण त्या फरशीचं डिझाइनच असं, की पडलेला ओरखडा लगेच डिझाइनमध्ये जमा व्हायचा.

नव्या हॉलमध्ये बायकोला वुडन फ्लोअरिंग हवं होतं. शोरूममधल्या माणसाने एक तुकडा हातात ठेवला. तो आडवा धरून पाहिला तेव्हा कळलं की त्यात मुख्य भाग लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि फोटोवर एक पारदर्शक कडक थर. याला लॅमिनेट म्हणतात. सगळं मिळून 8 मिलिमीटर. "एसी फोर आहे सर," तो म्हणाला. मी हॉलला एवढे एसी लागणार नाहीत म्हटलं. मग त्याने समजावलं, की एसी वन ते एसी फाइव्ह हे झीज सोसण्याचे दर्जे असतात आणि वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. म्हणजे सुतार ज्या पॉलिश पेपरने लाकूड घासतात, त्यावरची खर बऱ्याचदा असते तीच वस्तू. एवढं चिलखत घातलेल्या जमिनीला कोण काय करणार, असं वाटून मी सही केली.

राहायला आल्यावर चौथ्या दिवशी बायको डायनिंग टेबलखाली ओणवी होती. हातात मोबाईलचा टॉर्च.

"इकडे ये. हे काय आहे?"

मी खाली बसलो. काहीच दिसेना. तिने टॉर्च आडवा धरला, तेव्हा केसाएवढी एक रेघ चमकली. खऱ्या लाकडावर चरा पडला तर घासून, पॉलिश करून मिटवता येतो. इथे खाली फोटो. फोटो घासला तर लाकूडच पुसलं जाणार. त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. तशात दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले. "अहो, रात्री साडेदहाला तुमच्याकडे रणगाडा फिरवता का?" म्हणाले. तो रणगाडा म्हणजे माझी जेवणानंतर मागे सरकणारी खुर्ची.

झालं. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. आता पंचाईत अशी, की हव्या असलेल्या वस्तूला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

"ते खुर्चीच्या पायाला खालून लावतात ना, ते द्या."

"बूट?"

"बूट नाही हो. मऊ असतं. गोल. चिकटवायचं."

"बूट घ्या साहेब, रबरी. पायात घालायचं, विषय संपला."

"नको, रबराचे डाग पडतात म्हणे लॅमिनेटवर." हे मी आदल्या रात्री दीड वाजता वाचलं होतं.

"मग फेल्ट पॅड म्हणा की!" असं म्हणून त्याने एक पाकीट काढलं. तपकिरी, लोकरीसारख्या चकत्या, मागे चिकट कागद. "किती एमएम? व्यास किती? पाय किती आहेत?"

यातलं काहीच मी मोजून नेलं नव्हतं. घरी आलो आणि मोजदाद सुरू केली. आपल्या घराला किती पाय आहेत हे माणसाला सहसा माहीत नसतं. डायनिंगच्या सहा खुर्च्यांचे चोवीस. टेबलाचे चार. सोफ्याचे सहा, कारण मध्येही दोन असतात आणि ते वाकल्याशिवाय दिसत नाहीत. दोन सिंगल सोफ्यांचे आठ, टीपॉयचे चार, माझ्या लिहायच्या टेबलाचे चार, दोन स्टुलांचे आठ, देवासमोरच्या चौरंगाचे चार. एकूण बासष्ट. आईचा पाटही मोजायला घेतला होता, पण ती त्यावर बसलेली होती आणि उठायला तयार नव्हती.

एका पाकिटात सोळा. चार पाकिटं आणली. चौसष्ट चकत्या. दोन उरणार होत्या, त्या मी ड्रॉवरमध्ये नीट ठेवल्या.

चिकटवण्याचा विधी पाकिटावर छापला होता. पाय स्वच्छ पुसा, धूळ आणि तेल राहू देऊ नका, चकती तीस सेकंद दाबून धरा, चोवीस तास भार देऊ नका. मी सगळं मनोभावे केलं. रविवारी सकाळी हॉलमधलं यच्चयावत फर्निचर पाय वर करून पडलं होतं, सामुदायिक शवासन चालू असल्यासारखं. तीस सेकंद गुणिले बासष्ट म्हणजे एकतीस मिनिटं माझा अंगठा निव्वळ दाबत होता. सोमवारी ऑफिसमध्ये त्याच अंगठ्याने हजेरी लागेना.

चोवीस तास आम्ही जमिनीवर बसून जेवलो. आईला फार बरं वाटलं. तिचं लहानपण कोकणात सारवलेल्या जमिनीवर गेलं. "आमच्याकडे जमिनीला काही झालं की शेणाचा हात फिरवायचा," ती भात कालवत म्हणाली. "दर आठ दिवसांनी नवी जमीन. तुमची ही किती वर्षं टिकते?" वॉरंटी कार्डावर पंधरा लिहिलं होतं, पण ते सांगायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी संध्याकाळी खुर्च्या सरळ केल्या. आणि खरं सांगतो, काय तो अनुभव! एका बोटाने खुर्ची सरकत होती. आवाज नाही. लोण्यावरून सुरी फिरावी तशी खुर्ची फिरत होती. मी उगाचच पाच-सहा वेळा जेवायला बसलो आणि उठलो. बायकोने दोन दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलायला सुरुवात केली.

हे सुख सासरे येईपर्यंत टिकलं. सासऱ्यांची बसण्याची पद्धत अशी, की ते आधी बसतात आणि खुर्ची तिथे असेल असं गृहीत धरतात. जुन्या घरात खुर्ची असायची. इथे त्यांचा भार कडेला लागला मात्र, खुर्ची निःशब्दपणे मागे निघून गेली. त्यांनी टेबल धरलं. टेबलालाही मी चकत्या लावल्या होत्या. सासरे, टेबल आणि आमटीचं पातेलं असा तो लवाजमा एकत्रच बाल्कनीच्या दिशेने हात-दीड हात गेला. पडलं कोणीच नाही. पण तेव्हापासून ते आमच्याकडे भिंतीला टेकलेल्या सोफ्यावरच बसतात आणि ताट मांडीवर घेतात.

तिसऱ्या आठवड्यात कामाच्या मावशींनी केरभरणीतून काहीतरी उचलून माझ्यापुढे धरलं.

"दादा, खुर्चीची टिकली पडली."

त्यानंतर आमच्या घरात त्या वस्तूला फेल्ट पॅड कोणी म्हटलं नाही. टिकल्या रोज पडू लागल्या. कधी सोफ्याखाली, कधी पायपुसण्याला चिकटलेल्या, एकदा माझ्या मोज्याला. तशीच एक टिकली लावून मी क्लायंटकडे दोन तासांची मीटिंग करून आलो आणि पायात पाय अडकवून बसल्यामुळे ती सगळ्यांना दिसली. बाथरूमच्या आरशावर बायकांच्या टिकल्या असतात, तशा आमच्या फ्रिजच्या बाजूवर खुर्च्यांच्या टिकल्या जमल्या. पुन्हा लावू म्हणून ठेवलेल्या. त्या पुन्हा कधी लागत नाहीत, हे दोन्ही टिकल्यांच्या बाबतीत खरं.

मी कारण शोधायला बसलो. एक तर हा चिकटपणा वरून दाबाल तेवढा घट्ट बसतो, पण आडवं ढकलत राहिलात की तसूतसूने सरकतो. आणि खुर्चीचं जन्मभराचं काम आडवं ढकललं जाणं हेच. दुसरं, आमच्या खुर्च्यांचे पाय हल्लीच्या फॅशनचे, तिरके. असा पाय जमिनीला सपाट टेकतच नाही, नुसत्या कडेवर उभा असतो. चकतीच्या एका बाजूवर सगळं घर आणि दुसरी बाजू हवेत. तिसरं कारण मात्र मला मावशींकडे बघताना सुचलं. त्या पाकिटावरच्या सूचना ज्या कोणी लिहिल्या, त्याच्या देशात रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत नसावेत. आमच्याकडे फडकं कितीही घट्ट पिळायला सांगितलं, तरी मावशींच्या हिशेबात ओलं दिसलं नाही ते पुसलंच नाही. चकती पाणी पिते, डिंक सुटतो, टिकली कुंकवासारखी ओघळते.

टिकली गेली तरी डिंक जागेवरच राहतो, हा आणखी एक छळ. खुर्चीच्या पायाला मग केस, कोथिंबिरीची काडी, शेव, एकदा तर वीज बिलाचा कोपरा, असं जे मिळेल ते चिकटतं. तो डिंक खोबरेल तेलाने निघतो. पण मग पाय तेलकट होतो, आणि तेलकट पायाला नवी टिकली बसत नाही. पाकिटावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे.

सगळ्यात मोठा धक्का पुढेच होता. एका खुर्चीखाली अर्धगोल चरे दिसले, अगदी कंपासने काढल्यासारखे. त्या पायाची टिकली तर जागेवर होती! उपटून उलटी केली. लोकरीत वाळूचे बारीक कण घट्ट रुतून बसले होते. शेजारी टॉवरचं काम चालू आहे, रस्ता या ना त्या पाइपसाठी खणलेला आहे, आणि आमच्या चपलांमधून रोज थोडी वाळू घरात येते. फेल्टचा गुणच असा, की मिळेल ते पोटात घ्यायचं आणि सोडायचं नाही. म्हणजे चार पाकिटं खर्चून मी प्रत्येक खुर्चीखाली घरचा पॉलिश पेपर बसवला होता.

शाळेत मोहसची काठिण्यश्रेणी होती. फ्रेडरिक मोहस या जर्मन माणसाने 1812 साली केलेली, शंखजिऱ्याला 1 आणि हिऱ्याला 10. नख साधारण अडीच, संगमरवर 3, चाकूचं पोलाद साडेपाच-सहाच्या आसपास, आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7. ज्यांच्याकडे इटालियन मार्बल आहे त्यांच्याबद्दल इतके दिवस मला असूया होती, ती हा तक्ता आठवल्यावर गेली. घरात येणारी चिमूटभर वाळू चाकूपेक्षा कडक, आणि आम्ही मात्र खुर्चीच्या पायांवर संशय घेत बसलो होतो. आता आमच्या दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक पायपुसणं आणि दर शनिवारी माझ्या हातात जुना टूथब्रश असतो. बासष्ट टिकल्या विंचरतो. सुताराने खिळेवाले पॅड सुचवले होते. एका स्टुलाचा पाय त्यात उभा चिरला, तेव्हा तो प्रयोग तिथेच थांबवला.

परवा रात्री नऊला बेल वाजली. खालचे काका. मी आधीच माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "अहो, महिना झाला वरून काही आवाजच नाही. म्हटलं, सगळे बरे आहात ना?"

त्यांना आत घेतलं. एका हाताने खुर्ची धरून ठेवून बसवलं. टिकल्यांची सगळी हकिकत सांगितली. काकांनी फ्रिजवरची एक टिकली काढून बोटांत चोळली. "हे तर आमच्या पेटीतलं. पट्ट्यांखाली असतं, खटखट वाजू नये म्हणून. चाळीस वर्षं झाली, हललेलं नाही." मी म्हटलं, तुमच्या पेटीच्या पट्ट्या रोज कोणी पुसत नाही काका.

चहा झाला. काका उठले आणि दाराकडे निघाले. टक्. टक्. टक्. बायकोची नजर खाली गेली, तिच्यामागून माझी. काकांच्या ॲल्युमिनियमच्या काठीचं रबर झिजून धातूची नळी बाहेर आली होती आणि ती आमच्या फोटोतल्या सागवानावर एकेक चंद्रकोर उमटवत चालली होती.

मी ड्रॉवरकडे धावलो. त्या दोन उरलेल्या टिकल्या! "काका, काठी जरा वर धरता का?" म्हणत मी त्यांच्या पायाशी बसलोसुद्धा.

"वेडा आहेस का?" बायको ओरडली. "माझ्या बाबांना घसरवलंस, आता काकांना घसरवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात होतो. त्याने मला पाहिलं आणि हात आपोआप तपकिरी पाकिटांकडे नेला.

"ते नको," मी म्हटलं. "बूट द्या. रबरी."

तो काही बोलला नाही. नुसता हसला आणि डबा खाली काढला.

"पाय किती?"

"एकच."