बारशालाच ठरवा, बाळ डावं की उजवं

अभिनंदन, बाळ झालं ना? मग आता वेळ घालवू नका. बाळ लेफ्ट ब्रेनचं की राईट ब्रेनचं हे बारशाच्या आत ठरलंच पाहिजे, नाव काय चार दिवस मागेपुढे झालं तरी चालतं. डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा, हे आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलंय म्हणजे खरंच असणार.

टेस्ट सोपी आहे, बाळाला उताणं झोपवा आणि मान कुठे वळते बघा. (बहुतेक बाळं उजवीकडेच वळवतात असं डॉक्टर म्हणतील, लक्ष देऊ नका.) आमच्या भाचीच्या बारा दिवसांच्या पोराने मान डावीकडे टाकली तर आजोबा "कलाकार!" म्हणून ओरडले, त्या आवाजाने दचकून ते उजवीकडे वळलं तर लगेच इंजिनिअर झालं, आणि मग त्याने आजोबांच्या शर्टावर दूध काढलं, ते कुठल्या मेंदूचं काम यावर अजून घरात वाद चालू आहे.

टाळू नेमकी मधोमध असते ही निसर्गाची चूक. आयआयटी हवी असेल तर तेल डावीकडे ओघळेल असं बघा.

मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक असतो हो, नाही कोण म्हणतंय! 1968 साली बोस्टनमध्ये गेश्विंड आणि लेवित्स्की या संशोधकांनी 100 मेंदू मोजले, त्यात भाषेशी संबंधित एक भाग 65 जणांत डावीकडे मोठा होता, 11 जणांत उजवीकडे. नंतर तसाच फरक नवजात बाळांत सापडला, अगदी पोटातल्या गर्भातसुद्धा, म्हणजे तुम्ही पहिलं फ्लॅशकार्ड विकत घ्यायच्या आधीच काम सुरू झालेलं. पण हे सगळं फुकटात होतं, त्यामुळे त्यात राम नाही.

डाव्या-उजव्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या रॉजर स्पेरींना 1981 चं नोबेल मिळालं ते मात्र जरूर सांगा. फक्त त्यांच्या पेशंटचा मेंदूच्या दोन अर्धांमधला पूल फिट्स थांबवायला कापलेला होता आणि तुमच्या बाळाचा शाबूत आहे, एवढं लेफ्ट-राईट ब्रेनच्या क्लासवाल्या सरांना बोलू नका, उगाच त्यांना वाईट वाटेल. 2013 मध्ये युटामध्ये हजारावर लोकांचे स्कॅन तपासले, तर पूर्ण डाव्या किंवा पूर्ण उजव्या मेंदूचा माणूस म्हणून काही प्रकार असल्याचा पुरावाच मिळाला नाही. अमेरिकेत नसतील, आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत चार आहेत.

तर उद्याच त्या क्लासला जा, ॲडव्हान्स भरा. पावती मागू नका, ती डाव्या मेंदूची माणसं मागतात.