वरण बंद, पाणी पाच लिटर: फॉस्फरसच्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या घरोघरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. किडनीच्या रुग्णाने तुरीचं वरण पूर्ण बंद करावं, किडनी बिघडल्यावर रक्तात साचणारा फॉस्फरस रोज पाच लिटर पाणी पिऊन लघवीतून धुऊन काढावा, रिपोर्टमध्ये फॉस्फरस नॉर्मल आला की किडनी ठीक समजावी, आणि फॉस्फरस कमी करणारी गोळी रिकाम्या पोटी घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. चारही सल्ले चुकीचे आहेत. पाण्याचा तर जिवावर बेतू शकतो, म्हणून तोच आधी.

निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात ६ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो, आणि त्यातला ८० ते ९० टक्के किडनीतल्या बारीक नलिकेच्या सुरुवातीच्या भागातच रक्तात परत ओढला जातो. किती ओढायचा हे पॅराथायरॉइड ग्रंथीतलं पीटीएच आणि हाडांतून येणारं एफजीएफ-२३ ही हार्मोन्स ठरवतात. ती वाढली की नलिकेतल्या पेशी आपल्या पृष्ठभागावरची, फॉस्फेट (फॉस्फरसचं रक्तातलं रूप) ओढणारी प्रथिनं आत घेतात आणि जास्त फॉस्फरस लघवीत जातो. पाणी राखायचं की सोडायचं याचा निर्णय पुढे, नलिकेच्या शेवटी होतो. त्यामुळे जास्त पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते, तिच्यातून जाणारा फॉस्फरस जवळपास तेवढाच राहतो. नागपूरच्या ४५ अंशांत निरोगी माणसाने भरपूर पाणी प्यावंच. पण ज्याची लघवी घटली आहे त्याच्या अंगात ते साचतं: आधी पायांवर सूज, मग फुप्फुसांत पाणी आणि आडवं झोपलं की दम. अशा रुग्णाचं पाणी रोजची लघवी मोजून आणि वजन बघून डॉक्टरच ठरवतात.

रिपोर्टबद्दल. रक्तातला फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतो. किडनी निकामी होऊ लागली की एफजीएफ-२३ आणि पीटीएच वाढतात आणि उरलेल्या नलिकांकडून जादा फॉस्फरस बाहेर टाकून घेतात. म्हणून गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला ३० मिलिलिटरच्या आसपास घसरेपर्यंत हा आकडा बहुधा नॉर्मलच दिसतो. किडनीची खबर रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढलेला ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन देतात.

आता वरण. एका वाटीला लागणाऱ्या ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत अंदाजे ९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, पण त्याचा मोठा भाग फायटेट या डाळी-धान्यांतल्या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो. फायटेट फोडणारं एन्झाइम आपल्या आतड्यात जवळपास नाही, त्यामुळे त्यातला निम्म्याहून कमीच अंगात जातो. मटणातला यापेक्षा जास्त शोषला जातो. मटण उकळून पाणी फेकलं तर तो कमी होतो. सावजी रश्श्यात मात्र आपण ते पाणीच पितो. सगळ्यात वाईट म्हणजे कारखान्यात मिसळलेले फॉस्फेट क्षार, कारण ते ९० टक्क्यांपर्यंत शोषले जातात: काळी कोला पेयं, प्रोसेस्ड चीज, फ्रोझन नगेट्स, बेकिंग पावडरचे केक. पाकिटावर घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे फॉस्फेट क्षारांचे सांकेतिक आकडे दिसले तर ते खाली ठेवा. डायलिसिसवरच्या रुग्णाला रोज किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. वरण तोडलं की स्नायू झिजतात. आहारतज्ज्ञाला विचारून वाटी मोजून घ्या, सोबत अंड्याचा पांढरा भाग चालतो: साडेतीन ग्रॅम प्रथिनं, फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम.

गोळीचं कारण सरळ आहे. कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेव्हेलॅमर आतड्यात अन्नातल्याच फॉस्फेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. पोटात अन्न नसेल तर धरायला काही नाही, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर उलट जास्त कॅल्शियम रक्तात शिरतं. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ८०० ते १००० मिलिग्रॅमच फॉस्फरस निघतो, तोही बहुतेकांचा आठवड्यातून दोन-तीनदा, तर जेवणातून तो रोज येतो. म्हणून गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्या, आणि थायरॉइडची गोळी तिच्या किमान चार तास आधी.