पुरुषाचे कपडे वेगळ्या बॅगेत भरा

सोव्हिएत सत्तेने लॅटव्हियातून केलेल्या हद्दपारीबद्दल वाचायला घेतलं की आधी आकडे समोर येतात. १४ जून १९४१ ला १५ हजारांवर माणसं, मार्च १९४९ मध्ये आणखी ४२ हजारांवर. मला विचाराल तर आकडे नंतर. आधी त्या वेळी लहान असलेल्यांच्या आठवणी वाचा.

१९४१ ला उचललेल्यांत १० वर्षांखालची मुलंच २,४०० च्या आसपास होती. म्हातारपणी सांगतानाही त्यांतले बरेच जण स्टेशनवर येऊन अडखळतात. वडिलांना दुसऱ्या डब्यात नेलं. पुढे भेटतीलच असं वाटलं, म्हणून नीट निरोपही घेतला नाही.

"लहानपणीच्या आठवणी, त्यांचा काय भरवसा?" असं म्हणणारे भेटतात. त्यांनी सेरोव्ह या सोव्हिएत अधिकाऱ्याच्या सहीचं सूचनापत्र वाचावं. ताटातूट होणार हे कुटुंबाला कळू द्यायचं नाही, असं त्यात चक्क लिहिलंय. पुरुषाचे कपडे वेगळ्या बॅगेत भरायला सांगा, हेही. कारण काय द्यायचं? तर पुरुषांची आरोग्य तपासणी वेगळी होणार आहे! म्हणजे नवऱ्याची बॅग वेगळी भरायची ती घरच्यांनीच. पुरुष गेले व्यात्लागसारख्या सोव्हिएत श्रमछावण्यांत, कितीतरी तिथेच उपासमारीने संपले. बायका-मुलं सायबेरियात. तिथे कागद मिळेना तेव्हा लोकांनी बर्चच्या सालीवर पत्रं लिहिली. ती आज लॅटव्हियातल्या संग्रहालयांत आहेत. १९४६ च्या सुमारास हजाराहून जास्त मुलांना, बहुतेक अनाथ, मायदेशी आणलं गेलं. त्यांतल्या काहींना पुढे पुन्हा तिकडेच धाडलं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच मराठी घरांत रादुगा, प्रगती या सोव्हिएत प्रकाशनांची पुस्तकं होती. सुरेख चित्रं, किंमत नाममात्र. त्या पुस्तकांवर माझा अजूनही जीव आहे आणि तो का सोडावा? पण त्या जिव्हाळ्यापायी "शत्रूंनाच पाठवलं असेल" म्हणणं मला पटत नाही. चार वर्षांचं पोर कुणाचं शत्रू?

आणि हो, लॅटव्हियालाही सरसकट निष्पाप ठरवू नका. १९४१ च्या हद्दपारीत तिथले ज्यूही होते. मागे राहिलेल्या ज्यूंपैकी बहुतेकांना नंतर तिथे आलेल्या नाझींनी त्याच वर्षाअखेरपर्यंत मारलं, आणि त्यात स्थानिक लॅटव्हियन हातही होते.

"मग अमेरिकेने काय केलं?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. जरूर विचारा, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. इथे फक्त लॅटव्हियाबद्दल बोलू.